सगळ्यात लहान मर्यादा

आधी माझा एक गाढवपणा सांगते, म्हणजे पुढचा प्रवास वाचताना माझ्याबद्दल फार अपेक्षा राहणार नाहीत.

निपाणीत मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. आमचं शेत कोगनोळीच्या पुढं, दूधगंगेकडच्या अंगाला. बांधाच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. माणसं, म्हशी, तंबाखूचा वास, सगळं बांधाकडं न बघता इकडून तिकडं जायचं. फोनला मात्र बांध कळायचा. त्याच्या जवळ गेलं की तो गुपचूप पलीकडचा टॉवर धरायचा, आणि आपण आपल्याच शेतात बसून परराज्यात गेलो असं कंपनी धरून चालायची. याला रोमिंग म्हणतात आणि याचे वेगळे पैसे पडतात, एवढं मला माहीत होतं.

माझी थोरली बहीण कागलला दिलेली, म्हणजे महाराष्ट्रात. तिला सगळे आक्का म्हणतात. दुपारी बायका तंबाखूचे शेंडे खुडायच्या आणि मी बांधावर बसून आक्काशी तासतासभर बोलायची. रोमिंग लागू नये म्हणून मी एक उपाय शोधून काढला होता. बोलताना पाठ महाराष्ट्राकडं करायची आणि तोंड निपाणीकडं. फोन तोंडासमोरचा टॉवर धरतो अशी माझी समजूत होती. ती मी कुणाला विचारून खात्री करून घेतली नव्हती, कारण मला ती फारच उघड वाटत होती.

एकदा आमचे हे बांधावर आले. म्हणाले, "ऊन तोंडावर घेऊन कशाला बसलीयास?"

"रोमिंग चुकवायलीय," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. महिन्यानं बिल बोललं. त्या बिलात दोन चांगल्या इरकली साड्या आल्या असत्या. मी तो कागद घेऊन बेळगाव गाठलं, खडेबाजाराजवळच्या कंपनीच्या ऑफिसात गेले आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "माझं तोंड निपाणीकडं होतं. मग हे महाराष्ट्राचे पैसे कशाचे?" त्या बाईंनी माझं म्हणणं शेजारच्या बाईंना कन्नडमध्ये सांगितलं. मला कन्नड चांगलं येतं. त्या काय म्हणाल्या ते मी इथं देत नाही.

आता राज्याराज्यांमधलं रोमिंग गेलं. बांधावर कुठंही तोंड करून बोलता येतं. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. पण शेवटपर्यंत मला फोन घेऊन बसलेली बघितली की लांबूनच विचारायचे, "तोंड बरोबर हाय न्हवं?"

निघायच्या आधी

माझी नात समीक्षा आयर्लंडमध्ये नर्स आहे. लेटरकेनी नावाच्या गावात, देशाच्या पार वरच्या टोकाला. दोन वर्षं तिचा एकच हट्ट, आज्जी तीन आठवडे ये. माझा पासपोर्ट तयार होता, गुडघे बऱ्यापैकी तयार होते. अडचण आक्काची होती.

आम्ही जैन. आक्कानं लग्न झाल्यावर एक नेम घेतला, की सकाळचा पाठ वाचल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. सगळा पाठ म्हणायला वीस मिनिटं लागतात. तिनं तो जन्मभर पुस्तकातून वाचला. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं डोळे गेले. पाठ तिला येतो, पण तिचं म्हणणं, आठवणीतून म्हणताना एखादी ओळ गळली तर सांगणार कोण? तेव्हा पुस्तकातून वाचलेलाच ऐकायचा. सून सुनंदा शाळेत शिकवते, सातला घर सोडते. शिवाय सुनंदा पाठ वाचते तो हजेरी घेतल्यासारखा, असं आक्काचं मत आहे. मग मी. सहा वर्षं रोज सकाळी सातला मी निपाणीहून फोन लावते, चष्मा लावते, पुस्तक उघडते आणि वाचते. तो संपला की आक्का पाणी पिते.

समीक्षानं सुचवलं, "आज्जी, रेकॉर्ड करून ठेव ना. त्या रोज लावतील."

आक्का म्हणाली, "मशीन वाचतंय ते मी ऐकायचं, आणि पुण्य कुणाला? मशीनला?"

मी जायचं रद्द करत होते. आक्कानंच विचारलं, "तिकडं आणि हिकडं वेळेत किती फरक हाय?"

"साडेचार तास. तिकडं सात वाजले की आपल्याकडं साडेअकरा."

"मग साडेअकराला फोन लाव."

"आक्का, साडेअकरापत्तर पाणी न्हाय? ब्याऐंशी वर्षं झाली तुला."

"तुझ्यापेक्षा माझं वय मला जास्त ठावं हाय. जा तू. तिकडं जाऊन तरी शहाणी हो."

म्हणजे माझ्या सहलीसाठी आक्कानं रोज साडेचार तासांची जादा तहान कबूल केली, आणि तेवढ्यासाठी तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. ही गोष्ट मी बॅगेत सगळ्यात वर ठेवून निघाले. खाली ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, जवसाची चटणी आणि बेळगावचा कुंदा होता.

लेटरकेनी

विमानाचं काही सांगत नाही. बसलं की कंटाळा येतो आणि उतरलं की पाय सुजतात.

आयर्लंड कसं आहे म्हणाल, तर आमच्या घाटातली ऐन पावसाळ्यातली जांबोटी घ्या, त्यातली झाडं काढा, म्हशींच्या जागी मेंढ्या ठेवा आणि थंडी घाला. हिरवं इतकं की डोळ्यांना कंटाळा येतो. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-तांबडे रंग मारलेले. मला वाटलं, बैल रंगवायचा बेंदूर आहे. समीक्षा म्हणाली, कुणाची मेंढी कुठली ते कळायला.

तिकडं जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. निपाणीत या नेमानं मी जन्मभर सहाला पाटावर बसले आहे. इथं पहिल्याच दिवशी नऊ वाजता भाकरी थापली, सव्वानऊला निवांत जेवले, मग हात धुऊन खिडकीतून बघितलं तर बाहेर मेंढ्या अजून चरत होत्या. नेम शाबूत. घराशेजारच्या ताई-माईंना फोटो पाठवला. निपाणीत त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि मी जेवण्यासाठीच परदेशी गेले असं ठरलं.

दुसरी बाजू अशी की हा देश बटाट्यावर उभा आहे, आणि मी कंदमुळं खात नाही. शेजारी मॉरीन नावाची माझ्याच वयाची बाई राहते. ती पहिल्याच दिवशी बटाट्याची भाकरी घेऊन स्वागताला आली. समीक्षानं तिला समजावून सांगितलं, की आज्जी जमिनीखालचं खात नाही. बटाटा नाही, कांदा नाही, गाजर नाही. मॉरीन माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं समीक्षाला हळूच विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

दुसऱ्या दिवशी मी तिला शेंगाचटणी चाखायला दिली. तिनं ती पावाला लावून खाल्ली, पाणी प्याली, डोळे पुसले आणि विचारलं, "पण शेंगा जमिनीखालीच येतात ना?"

हा प्रश्न मला निपाणीत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, शेंग हे फळ आहे, फक्त लाजून खाली वाढतं. समीक्षानं ते इंग्रजीत केलं. मॉरीनला पटलं. कुंदा दिला तेव्हा तिनं तो कुठं उगवतो ते विचारलं नाही.

फोनचं काम समीक्षानं पहिल्याच दिवशी उरकलं. माझ्या फोनमध्ये तिकडचं कार्ड घातलं. कार्ड स्वस्तातलं, फक्त नेटचं. साधा फोन त्यावरून लागत नाही, आक्काला करायचा तो नेटवरूनच.

"आज्जी, नीट ऐक. हे कार्ड फक्त या देशात चालतं. इथून अर्ध्या तासावर सीमा आहे. पलीकडं उत्तर आयर्लंड, तो वेगळा देश. तिथं नेट वापरलंस तर वेगळे पैसे पडतील, आणि भरपूर."

"मला रोमिंग शिकवू नको," मी म्हटलं. "आम्ही रोमिंगमध्ये संसार केलाय."

"मग रोमिंगचं बटण बंद ठेवू?"

"नको. कुठं गेलो आणि आक्काला फोन लागला न्हाय तर?"

"बरं. मग मर्यादा लावते. इकडं तशी सोय आहे. परक्या देशात नेटचा खर्च तेवढ्यावर पोचला की आधी मेसेज येतो, आणि मग नेट आपोआप बंद. कितीची लावू?"

इथं माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन इरकली आल्या. मी म्हटलं, "सगळ्यात लहान लाव."

"थोडी मोठी ठेवू या. अडचणीला..."

"सगळ्यात लहान."

तिनं लावली. पन्नाशीत मी मर्यादा नसल्यामुळं फसले होते. म्हातारपणी मर्यादेमुळं फसायची तयारी मी अशी स्वतःच्या तोंडानं केली.

बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. रोज सातला मी खिडकीशी बसायची, पाठ वाचायची, शेवटी आक्काच्या घोटाचा आवाज ऐकायची आणि मग माझा चहा ठेवायची. आक्का भांडं खाली ठेवून रोज एकच विचारायची, "काल काय जेवलीस? बटाटा न्हाय न्हवं?"

स्ट्रबेन

तेराव्या दिवशी समीक्षाची अक्कलदाढ सुजली. सीमेपलीकडं स्ट्रबेन नावाचं गाव आहे, तिथला दातांचा डॉक्टर स्वस्त. आमच्याकडं कागलची माणसं पेट्रोल भरायला निपाणीच्या बाजूला यायची, तशी इकडची माणसं दात काढायला तिकडं जातात. सकाळी आठची वेळ मिळाली. मी म्हटलं, मीही येते, एकटी बसून काय करू.

नेमकी त्याच दिवशी आक्काला डोळ्यांचा दाब बघायला कोल्हापूरला न्यायची होती. तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "तिथं रांग असती. दवाखान्यात पाठ नको. एक वाजेपत्तर घरी येतो, तवा एकला लाव." म्हणजे माझ्याकडं साडेआठ. म्हणजे आक्का त्या दिवशी एकपर्यंत कोरडी. मी मोबाइलवर गजर लावला, पुस्तक पर्समध्ये घातलं, चष्मा दोनदा तपासला. मी काही बेफिकीर बाई नाही. माझ्या चुका तयारीनिशी झालेल्या असतात.

गाडीत समीक्षाचं तोंड उघडत नव्हतं. एरवी ती मला दर दहा मिनिटांनी सूचना देते. त्या दिवशी एकही दिली नाही, आणि मला तो प्रवास फार आवडला. सीमा कुठं आली ते कळलंच नाही. कोगनोळीला टोलनाका आहे, ट्रकांची रांग आहे, पाटीवरची अक्षरं गोल होतात. झोपलेला माणूससुद्धा उठून म्हणतो, आलं कर्नाटक. इथं एक नदी आली, एक पूल आला आणि संपला. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि वेगाच्या पाटीवरचे आकडे किलोमीटरचे मैल झाले, हे मला नंतर कळलं. रेघेवरून देश ओळखायची मला सवय नव्हती.

समीक्षा खुर्चीत गेली. तासभर लागणार होता. मी हळूहळू चालत निघाले, कारण येताना पुलाजवळ पाच मोठे धातूचे पुतळे दिसले होते. नारळाच्या झाडाएवढे उंच. कुणी नाचतंय, कुणी वाजवतंय. पंधरा-वीस मिनिटांत पोचले. मग पुतळ्यांचे फोटो काढले, व्हिडिओ काढले. एकात मी स्वतः बोलले, "बघा, हिकडं माणसं कामाला गेल्यावर पुतळं नाचत्यात." हे सगळं मी घरच्या ग्रुपवर पाठवलं. शेजारच्या ताई-माईंच्या ग्रुपवर पाठवलं. माहेरच्या ग्रुपवर पाठवलं. मधेच एक मेसेज आला. इंग्रजी, लांबलचक, त्यात ऐंशी टक्के असं काहीतरी होतं. ऐंशी टक्के सूट असेल म्हणून मी तो बाजूला सारला. मला काही घ्यायचं नव्हतं.

साडेआठला गजर झाला. पुतळ्याखालच्या कट्ट्यावर बसले, चष्मा लावला, आक्काला फोन लावला.

"आलीस व्हय दवाखान्यातनं?"

"आत्ताच टेकलो. वाच."

वाचायला लागले. अर्ध्याच्या थोडं पुढं गेले असेन. पान उलटलं, पुढची ओळ वाचली आणि पलीकडून नेहमीचा हुंकार आला नाही. पडद्यावर बघितलं तर नवा मेसेज होता. या वेळी मी तो सगळा वाचला. परदेशातल्या नेटची तुमची मर्यादा संपली. पुढं चालू ठेवायचं असेल तर खातेदारानं पासवर्ड टाकावा.

खातेदार म्हणजे समीक्षा, ती तोंड उघडून खुर्चीत होती. इथून पंधरा मिनिटांवर, म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या हिशेबानं वीस. तिच्या तोंडात डॉक्टरचे दोन्ही हात असणार. आणि कागलमध्ये आक्का भांडं समोर ठेवून बसली असणार. तिचा नेम मला माहीत आहे. अर्धा पाठ झाला म्हणून अर्धं भांडं पिणाऱ्यांतली ती नाही.

मी फोन वर धरला, खाली धरला, बंद-चालू केला. तेवढ्यात कुत्रं घेऊन फिरायला निघालेले एक आप्पा थांबले. डोक्यावर टोपी, हातात काठी, वय माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी जास्त. माझं इंग्रजी बँकेच्या फॉर्मपुरतं आहे आणि त्यांचं इंग्रजी मला कन्नडपेक्षाही अवघड वाटत होतं, पण दोघांनाही घाई नसल्यासारखं बोलायची सवय असल्यामुळं जमलं.

"सिग्नल नाही?" त्यांनी विचारलं.

"सिग्नल फुल," मी म्हटलं. "लिमिट ओव्हर."

"कार्ड कुठलं?"

"लेटरकेनी."

आप्पा हसले. काठीनं पायाखालची जमीन दाखवत म्हणाले, "बाई, तुम्ही उत्तरेत उभ्या आहात." मग काठी पुलाच्या पलीकडच्या टोकाकडं केली. "तुमचं कार्ड तिथं राहतं. लिफर्डला."

तेव्हा मला कळलं, की मी आल्यापासून नाचणाऱ्या पुतळ्यांचे व्हिडिओ परदेशातून परदेशात पाठवत होते, आणि आक्काच्या पाठाचं नेट मी ताई-माईंना वाटून टाकलं होतं. बांधावरची बाई पुन्हा एकदा बांधावरच फसली. फक्त या खेपेला तिला विमानानं यावं लागलं.

मी त्यांना म्हटलं, "माय सिस्टर. इंडिया. नो वॉटर." हे त्यांना काय समजलं कोण जाणे. पण चेहरा गंभीर झाला आणि ते माझ्याबरोबर चालायला लागले. कुत्रंही.

लिफर्डचा पूल

चौऱ्याहत्तराव्या वर्षी इरकल साडी आणि खेळाचे बूट घालून एका देशातून दुसऱ्या देशात घाईनं चालत गेलेली बाई त्या पुलानं आधी बघितली असेल असं वाटत नाही. चालता चालता आप्पा सांगत होते. त्यांचं घर सीमेला लागून आहे. फोन स्वयंपाकघरात एक देश दाखवतो आणि मोरीत दुसरा. बायको मोरीतून फोन करते, ते स्वस्त पडतं. मी म्हटलं, आमच्या गोठ्यात महाराष्ट्र यायचा. त्यांनी हे अगदी सहज मान्य केलं. दूधगंगा दाखवावी तसा मी हात करून विचारलं, नदी कुठली? म्हणाले, दोन आहेत, इथंच मिळतात. आमच्याकडं भोजला दूधगंगा-वेदगंगा मिळतात, तशाच.

मधोमध आल्यावर त्यांनी काठीनं रस्त्याकडं दाखवलं. म्हणाले, मी तरुण होतो तेव्हा इथं बंदुका घेतलेले शिपाई उभे असायचे, दूध आणायला गेलं तरी थांबवायचे. हे त्यांनी हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाले, आता फक्त फोन थांबवतो.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचलो. फोन अजून उत्तरेतच. आप्पांनी त्यांच्या बोटानं खूण केली, बंद करून चालू करा. ही खूण मला भाषांतर न करता कळली. कोगनोळीच्या बांधावर आम्ही बॅटरी काढून पुन्हा घालायचो, तेच ते. फोन बंद केला. मनात वीस मोजले. चालू केला. एक मेसेज आला, या वेळी छोटा. स्वागत असो.

फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"इंदे?"

"आक्का, तुटला गं. नेट संपलं. पाणी पिलीस?"

"अर्ध्या पाठावर?"

"बरं. मग कुठपर्यंत झालता, तिथनं वाचते."

"जोडलेला चालत न्हाय. पहिल्यापासनं वाच."

आक्काशी वाद घालायचा तर तिला पाणी आणखी उशिरा मिळणार. मी पर्समधून पुस्तक काढलं, पुलाच्या कठड्यावर ठेवून उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं. बाजूनं ट्रक जात होते. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. वारा पानं उलटत होता, म्हणून आप्पांनी पुढं होऊन काठीच्या टोकानं पान दाबून धरलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दुसऱ्या हातानं टोपी काढली आणि पोटाशी धरली. कुत्रं बसलं. वीस मिनिटं आम्ही तिघं तसेच होतो. मी पान उलटायला हात केला की काठी उचलली जायची, पुन्हा टेकली जायची. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यांनी एकदाही पान चुकवलं नाही.

शेवटची ओळ झाली. पलीकडून भांड्यावरची ताटली काढल्याचा आवाज आला. मग घोट. मग आणखी घोट. माझ्या घड्याळात साडेनऊ वाजले होते, म्हणजे तिकडं दोन. मी आप्पांना म्हटलं, "वॉटर." त्यांनी टोपी घातली, मान हलवली आणि कुत्र्याला म्हणाले, चल.

मी त्यांचं नाव विचारलं नाही. ही त्या दिवसातली माझी दुसरी चूक.

परत डॉक्टरकडं गेले तर समीक्षा दारात उभी, गालात कापूस. मला बोलता आलं नसतं तर मी तेवढ्यावर सोडून दिलं असतं. तिनं मला रागवायचं ते कागदावर लिहून दाखवलं. पहिली ओळ होती, "कुठं गेलीस." दुसरी, "मर्यादा संपल्याचा मेसेज मला आला." तिसरी, "रोमिंगमध्ये संसार केलाय ना?" तिसरीखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. बोलता येत नसतानाही ती टोमण्याला वेळ काढते. हे आमच्या घराण्यातून आलं आहे.

आता माझं मत विचाराल तर मर्यादा चांगली. ती नसती तर मी त्या पुतळ्यांखाली बसून आणखी दोन इरकली उडवल्या असत्या. पण एक सांगते. मर्यादा लावणाऱ्याला आपण नेट कशाला वापरतो ते माहीत नसतं. त्याला नाचणारे पुतळे आणि पाठ सारखेच. तो फरक आपण करायचा असतो, आणि मी तो केला नव्हता. उरलेले दिवस मी ताई-माईंना एकही व्हिडिओ पाठवला नाही. निपाणीत मी आजारी असल्याची बातमी पसरली.

कागल

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी कागलला गेले. मॉरीननं आक्कासाठी मेंढीच्या लोकरीचे मोजे विणून दिले होते. आक्कानं ते हातांनी चाचपले, वास घेतला आणि बाजूला ठेवले, म्हणजे आवडले.

सुनंदा मला आत बोलावून सांगायला लागली. "मावशी, त्या दिवशी मी रजा घेतलीवती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आज्जी पाणी प्या, चेहरा सुकलाय. आत्यांनी ऐकलं न्हाय. घरी आल्यावर तुमचा फोन तुटला. मी म्हणलं, आत्या, मावशींचा फोन आता कशाला येतोय, मी वाचते, प्या. तर भांड्यावर ताटली झाकून बसल्या. म्हणल्या, इंदी काय बी करील. कुठं बी पळत जाईल. पर आज वाचल्याबिगर ऱ्हायची न्हाय."

मी तिथंच पाणी प्यायले.

मग आक्काच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. पुतळे, व्हिडिओ, ऐंशी टक्के, आप्पा, कुत्रं, काठी, टोपी. काही लपवलं नाही. म्हटलं, "आक्का, माझ्यामुळं दोन वाजले गं तुला. चुकलं माझं."

आक्कानं मान फिरवली. मला वाटलं, रागावली. मग तिनं माझा हात शोधून धरला आणि म्हणाली,

"पाण्याचं ऱ्हाऊ दे, इंदे. पुलावर तोंड कुणीकडं करून उभी व्हतीस, तेवढं सांग."